तारांपासून लांब

बाबांचा अपघात झाला तो गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात. भाजीची पिशवी घेऊन ते रस्ता ओलांडत होते. मागून मोटारसायकल येत होती. चालवणारा पोरगा हॉर्न वाजवत राहिला, म्हातारा बाजूला होईल या भरवशावर. बाबा बाजूला झाले नाहीत, कारण हॉर्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मनगट मोडलं, गुडघा सोलला. "एवढा हॉर्न मारून राहिलो, आयकू नाई येत काय तुमाले?" असं तो पोरगा ओरडत होता म्हणे. बाबांना तेही ऐकू आलं नाही. भोवती जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं.

बाबांनी उभं आयुष्य गोंदियातल्या राइस मिलमध्ये फिटर म्हणून काढलं. यंत्रांच्या त्या आवाजात दिवसचे दिवस उभं राहणाऱ्या माणसाच्या कानांचं जे होतं तेच त्यांच्या कानांचं झालं होतं. आधी बारीक, उंच आवाज गेले. कुकरची शिट्टी, पाखरं, फोनची घंटी. मग माणसांच्या बोलण्यातले स, श, फ गेले. बोलणं ऐकू यायचं, पण शब्द लागायचे नाहीत. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. आई त्यांच्यासाठी सगळं ओरडून पुन्हा म्हणायची, ते मान हलवायचे, आणि समजलं की नाही ते कोणालाच कळायचं नाही.

प्लास्टर घातल्यावर मी दोघांना गावाहून गोंदियाला लागूनच्या फुलचूरला माझ्याकडे घेऊन आले. मी गोंदियातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बाबांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी सायन्सची मास्तरीण आहे आणि कॉलेजातून आल्यावरही कॉम्प्युटरपुढे बसते. एकदा ते शेजारी येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या रंगीत आकृतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कायचं आहे?"

"पट्ट्यांचं," मी जोरात म्हटलं. "पट्ट्यांचा अभ्यास आहे माझा."

"कोनत्या पट्ट्यांचा? हलरच्या का पॉलिशरच्या?"

त्यांच्या डोक्यात मिलमधल्या यंत्रांचे पट्टे होते. मी हसले, पण समजावून सांगणं त्या वेळी जमलं नाही. ओरडून सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. इथं मात्र सांगते, कारण पुढे बाबांनाही मी ते असंच सांगितलं.

पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. या चुंबकाच्या पकडीत, आपल्या डोक्यावर हजारो किलोमीटर उंच, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन अडकून पडलेले असतात. ते चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि परत अशा येरझाऱ्या घालतात, आणि हे करता करता पृथ्वीभोवतीही फिरतात. अशा कणांचे, एकाबाहेर एक, दोन मोठे पट्टे पृथ्वीभोवती आहेत. कोणी हात लावला नाही तर यातले कण वर्षानुवर्षं तसेच फिरत राहतील. पण हात लावणारं आहे. त्या अवकाशात अगदी कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी असतात. लहरीची लय इलेक्ट्रॉनच्या गिरकीशी जुळली की दोघांत देवाणघेवाण होते. काही इलेक्ट्रॉनांना लहर इतका वेग देते की ते उपग्रहांच्या आत शिरून त्यांची सर्किटं बिघडवतात. काहींची दिशा ती अशी वळवते की ते वातावरणात पडून संपतात. तीच लहर एकाला चढवते आणि दुसऱ्याला पाडते. कोणती लहर, कोणत्या वेळी, किती चढवते आणि किती पाडते, याचं गणित मांडणं हे माझं काम.

यातल्या लहरी आवाज नव्हेत. पण त्यांची वारंवारता नेमकी आपल्या कानाच्या आवाक्यातली असते. म्हणजे तारेचं मोठं वेटोळं करून त्यातला बारीकसा प्रवाह वाढवून इअरफोनला दिला तर त्या ऐकता येतात. विद्यार्थ्यांना ऐकवावं म्हणून मी तसं वेटोळं लाकडी चौकटीवर गुंडाळून घराच्या गच्चीवर ठेवलं होतं. त्यात फक्त घरघर यायची. आपल्या घरातल्या विजेची, गल्लीतल्या तारांची, ट्रान्सफॉर्मरची. आकाशातलं काहीच नाही.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही बाबांना गोंदियात कानाच्या मशीनसाठी नेलं. दुकानातल्या माणसाने तपासणी करून मशीन बसवलं आणि विचारलं, "अंकल, अब कैसा लग रहा है?"

"पंखे की आवाज आ रही है मेरे को," बाबा म्हणाले. तो खूश झाला, आम्हीही.

घरी आल्यावर काही दिवसांतच मशीन डबीत गेलं. आईने विचारलं तर म्हणाले, "घरघर करते. कानात मिल चालू असल्यासारखं वाटते. बोलनं काहीच आयकू येत नाई." आईने त्यांची समजूत काढली, मी काढली. दर वेळी ते मशीन घालायचे, थोडा वेळ तोंड वाकडं करून बसायचे आणि काढून ठेवायचे. मला वाटलं, सवय व्हायला वेळ लागेल. दुकानदारही फोनवर तेच म्हणाला.

एका रविवारी सकाळी मी गच्चीवरून वैतागून खाली आले. वेटोळं फिरवून, चौकट आडवी-उभी करून पाहिली होती, घरघर तेवढीच. खाली बाबा आईच्या आग्रहाखातर मशीन घालून इन्व्हर्टरपाशी उभे होते आणि हात कानावर ठेवून मान इकडेतिकडे वळवत होते.

"इथं जास्त आहे," ते म्हणाले. मग चार पावलं गॅलरीकडे गेले. "इथं कमी." परत इन्व्हर्टरकडे आले. "इथं जास्त."

मी तशीच उभी राहिले. मग त्यांच्या कानामागचं मशीन हातात घेऊन पाहिलं. त्याला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की मशीन माइक बंद करून आतल्या एका इवल्याशा वेटोळ्यावर जातं. हे वेटोळं हवेतला आवाज घेत नाही, चुंबकीय क्षेत्र घेतं. टेलिफोनसाठी किंवा मोठ्या सभागृहातल्या खास व्यवस्थेसाठी ती सोय असते. मशीन कानामागे चढवताना बाबांचं बोट दर वेळी त्या बटणावर पडत होतं. जी घरघर मी गच्चीवर ऐकून वैतागत होते, तीच ते खाली ऐकून वैतागत होते.

खात्री करण्यासाठी मी गच्चीवरचा माझा वेटोळ्याचा रिसिव्हर खाली आणला, इअरफोन लावला आणि मशीन पुन्हा त्यांच्या कानावर चढवलं. आम्ही दोघं घरभर फिरलो. फ्रिजपाशी, मीटरपाशी, भिंतीच्या कडेने. ते "जास्त" म्हणाले की माझ्याही कानात जास्त व्हायचं, ते "कमी" म्हणाले की कमी. आई पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहिली.

"बापलेक दोघं बी येडे झाले," ती म्हणाली.

मी बटण दाबून मशीन माइकवर आणलं. आई सवयीने ओरडली, "अवो, चहा घेता काय?"

बाबा दचकले. "तू एवढ्या जोरानं काऊन बोलून राहिली?"

आईने पिठाचे हात पदराला पुसले. ती आत गेली, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला होता. इतक्या खाली बोलायची तिला सवयच राहिली नव्हती. पुढचे काही दिवस ती बोलता बोलता मध्येच थांबायची, आपण ओरडतोय की काय हे पाहायला.

बाबा आता मशीन दिवसभर घालू लागले. पण बटण दाबल्यावर लागणाऱ्या त्या दुसऱ्या, वेटोळ्याच्या खटक्याचं त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मी कॉलेजातून आले की विचारायचे, "त्याच्यावर आकाशातलं बी आयकू येते काय?"

"मशीनवर नाही, माझ्या रिसिव्हरवर येईल. पण विजेच्या तारांपासून लांब जावं लागेल. जिथं घरघर नाही तिथं."

"मंग पाहू ना. कुठं घरघर नाई ते मी सांगतो."

त्या हिवाळ्यात आम्ही सुट्टीच्या दिवशी बाहेर पडू लागलो. मी गाडी चालवायची, बाबा शेजारी, कानातलं मशीन त्या खटक्यावर. गाडीचं इंजिन बंद केल्याशिवाय काही कळायचं नाही, म्हणून मी मध्ये मध्ये थांबायची. ते उतरून एक चक्कर मारायचे आणि हाताने खूण करायचे. गोरेगावकडच्या धानाच्या बांध्यांमधे मला आशा होती, पण तिथं शेतोशेती मोटरपंपाच्या तारा. तिरोड्याकडे तर आम्ही नुसतं पाहायला म्हणून गेलो. वीज केंद्रातून निघालेले उंच मनोरे रांगेने शेतांतून गेलेले. एका मनोऱ्याजवळ बाबा उतरले आणि लगेच मशीन काढून हातात घेतलं. "चाल इथून. डोकं फुटते."

मग आम्ही दक्षिणेला वळलो. आमगाव ओलांडून, देवरीच्या पुढे, जंगलाच्या पट्ट्यात. डांबरी रस्ता सोडून आत बऱ्याच अंतरावर एक टोला होता, दहा-बारा घरांचा. तिथपर्यंत तार आलेली नव्हती. घरांवर सरकारी योजनेतल्या सोलर पाट्या, एकेक दिवा. टोल्याच्या कडेला मोकळं शेत होतं, धान कापून झालेलं. बाबा बांधावर उभे राहिले, डोळे मिटले आणि मान इकडेतिकडे वळवत राहिले. मला वाटलं मशीनची बॅटरी गेली.

"काहीच नाई," ते म्हणाले. "एकदम काहीच नाई."

शेत ज्यांचं होतं ती बाई तोवर घरातून येऊन उभी राहिली होती. पन्नाशीची, अंगाने काटक. नवरा-बायको दोघंही शेती करायची, आणि हंगामात तेंदूपत्ता, वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी. घरात गोंडी, आमच्याशी आमच्यासारखं बोलायची. लाकडी चौकट, तारा, बॅटरी हे सगळं तिने आधी नीट पाहून घेतलं.

"सर्वेवाले आहा काय तुमी?"

"नाही."

"टावर बसवाले आले?"

"नाही. इथं विजेच्या तारा नाहीत म्हणून आलो. आकाशातल्या विजा ऐकायच्या आहेत."

तिचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी का? जंगलपट्ट्यात अनोळखी माणूस यंत्र घेऊन शेतात उभा राहिला की त्यामागून मोजणी, जमिनी जाणं, काय काय येतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी इअरफोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू कमी झाल्या.

"हे त फुटाने फुटून राहिले," ती म्हणाली.

अगदी तसाच आवाज होता तो. जगात कुठे ना कुठे सतत विजा पडत असतात, समुद्रावर, आफ्रिकेत, इंडोनेशियात. प्रत्येक विजेची लहर जमीन आणि वरचा विद्युतभारित थर यांच्यामधून हजारो किलोमीटर येते आणि रिसिव्हरमध्ये तड् असा आवाज होतो. हे मी तिला सांगितलं. आभाळ निरभ्र होतं. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग घरात जाऊन बाबांसाठी खाट घेऊन आली.

बाबांना इअरफोनवर ऐकू यायचं नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी तांब्याच्या तारेची माळ केली. रिसिव्हरचा आवाज त्या माळेतून जाताना बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कानातलं मशीन त्या खटक्यावर असलं की ते थेट उचलतं. पहिल्यांदा घरीच घालून पाहिली तेव्हा रिसिव्हर किंचाळला, कारण चौकटीवरचं वेटोळं त्या माळेलाच ऐकत होतं. मग मधे लांब वायर टाकली, चौकट शेताच्या त्या टोकाला आणि बाबा या टोकाला.

माळ पाहून आई म्हणाली, "बायकोसाठी कधी माळ आनली नाई, आता सोताच घालून फिरते."

डिसेंबर-जानेवारीत आम्ही बऱ्याच संध्याकाळी त्या शेतात बसलो. सूर्य बुडून अंधार झाला की आवाज बदलायचा. तडतडीच्या मधे मधे टिंव, टिंव असे छोटे आवाज येऊ लागायचे, ताणलेल्या तारेवर खडा मारावा तसे. रात्री वरचा थर चढतो, विजेची लहर त्याच्या आणि जमिनीच्या मधे आपटत येते, आणि तिचा खालच्या सुरातला भाग मागे रेंगाळतो. हे आवाज बाबांच्या कानाला सहज मिळायचे. ते मोजायला नाही, नुसते ऐकायला बसायचे. टोल्यातले लोक येऊन बसायचे, शेकोटी व्हायची. शेत ज्यांचं होतं त्या आमच्या बाईंना बाबा काय ऐकतात त्यापेक्षा ते कसे ऐकतात याचंच जास्त कौतुक होतं. माळ गळ्यात, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर मिनिटागणिक काहीतरी होतंय. "बाबाजी अंगात आल्यासारखे बसते," ती म्हणायची.

मला मात्र शिट्टी हवी होती. वीज पडली की तिच्या लहरीचा थोडा भाग वरचा थर भेदून बाहेर निसटतो आणि बलरेषेच्या वाटेने पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात जाऊन उतरतो. या प्रवासात उंच सूर पुढे येतात, खालचे मागे पडतात, म्हणून ऐकणाऱ्याला वरून खाली घसरत जाणारी शिट्टी ऐकू येते. थंड प्रदेशांत ती नेहमीची आहे. आपल्याकडे दुर्मिळ, आणि आखूड. ऐकू आलीच तर हिवाळ्याच्या शेवटी, पहाटेच्या आधी.

म्हणून जानेवारीच्या शेवटी आम्ही टोल्यातच मुक्काम केला. बाईंनी पडवीत जागा दिली. पहाटे मी आणि बाबा शेतात जाऊन बसलो. धुकं होतं, बांधावरचं गवत ओलं. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून थर्मासमधला चहा ओतत होते, इअरफोन गळ्यात लटकत होता.

"आयकली?" बाबा एकदम म्हणाले.

"काय?"

"सुंई करून खाली गेली. वेगळीच होती."

मी घाईने इअरफोन लावला. तडतड, टिंव. उजाडेपर्यंत बसलो, पुन्हा काही आलं नाही. बाबा ठाम होते. मला खात्री नव्हती. माणूस बराच वेळ कान लावून बसला की काहीही ऐकू येतं, हे मला माझ्यावरूनच ठाऊक होतं.

घरी येऊन रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घातलं. स्क्रीनवर विजांच्या सरळ उभ्या रेघा, पावसासारख्या. त्यांच्यामधे एकच रेघ वरून सरळ सुरू होऊन खाली येता येता उजवीकडे वाकली होती. अर्ध्या सेकंदाच्याही आतली. मी बाबांना हाक मारून ती दाखवली.

"हीच काय?" त्यांनी विचारलं.

"हीच. ही तिकडे दक्षिणेला, समुद्रावर कुठेतरी पडलेली वीज आहे. विषुववृत्ताच्या पलीकडून वरच्या वाटेने आली."

"तुझ्या पट्ट्यांमधून आली मंग."

इथं मला नाही म्हणावं लागलं. आपल्या भागातल्या बलरेषा फार उंच जात नाहीत, थोड्या वर चढून लगेच पलीकडे उतरतात. पट्टे आपल्या डोक्यावर आहेत, पण त्यांच्यातून जाणाऱ्या रेषा जमिनीला टेकतात त्या इथून फार लांब, उत्तरेला आणि दक्षिणेला. इथली शिट्टी पट्ट्यांच्या खालूनच जाते. बाबांचा चेहरा जरासा पडला.

"मंग पट्ट्यांमधलं कुठं आयकू येते?"

ते उपग्रहांनी टिपलेलं माझ्याकडे होतं. बाहेरच्या पट्ट्यात एक प्रकारच्या लहरी असतात, एकामागून एक चढत जाणारे छोटे छोटे सूर. सकाळच्या पाखरांच्या किलबिलाटासारखे वाटतात असं सगळेच म्हणतात, मलाही तसंच वाटतं. इलेक्ट्रॉनांना सर्वात मोठा वेग देणाऱ्या लहरींमध्ये याच येतात. पण हे सूर बाबांच्या कानासाठी फार उंच होते. मी ते कॉम्प्युटरवर खालच्या पट्टीत आणले, माळ त्यांच्या गळ्यात घातली आणि लावले. मनात म्हटलं, बाबांनी कित्येक वर्षांत पाखरं ऐकलेली नाहीत.

बाबांनी पूर्ण ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा ऐकलं.

"बेंडकं होत," ते म्हणाले. "रोवण्याच्या दिवसात बांधीत वरडतात तसे. एक सुरू झाला का सप्पा सुरू होते."

सूर खाली आणल्यावर ते खरंच बेडकांसारखे झाले होते. मी जे ऐकवायचं ठरवलं होतं ते त्यांनी ऐकलं नाही, पण जे ऐकलं ते त्यांना फार आवडलं. आईला बोलावून तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, "एवढं वर बेंडकं कायले जातीन?" आणि बाबांनी, ज्यांनी वर्षानुवर्षं घरात दोन वाक्यांपलीकडे बोलणं सोडलं होतं, तिला इलेक्ट्रॉनच्या गिरक्या समजावायला सुरुवात केली. त्यातलं बरंच चुकीचं होतं. मी मधे पडले नाही.

मग मे महिन्यात सूर्यावरून मोठं वादळ आलं, लडाखमधे आकाश लाल दिसलं तेच. आठवडाभर मी कॉलेज सुटलं की कॉम्प्युटरपुढून उठले नाही. अशा वादळात बाहेरचा पट्टा आधी जवळजवळ रिकामा होतो, आणि मग त्या चढत्या सुरांच्या लहरी जोर धरतात आणि नव्या इलेक्ट्रॉनांना वेग देत तो पुन्हा भरून काढतात, कधी आधीपेक्षा जास्त. बाबा रोज सकाळी पेपर ठेवून विचारायचे, "भरला काय?" मी सांगायची, "भरून राहिला." एक दिवस म्हणाले, "कोन्याचं नुकसान होते काय याच्यानं?" मी म्हटलं, उपग्रहांचं होऊ शकतं, म्हणून तर हे सगळं. ते समाधानाने मान हलवून पेपराकडे वळले. आपली पोरगी काहीतरी कामाचं करते, हे त्यांना त्या दिवशी पटलं असावं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा टोल्यात जायची तयारी केली. पण त्याआधीच आमच्या बाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"लाइन आली! खांबे लागले, ट्रान्सफॉर्मरची डीपी बसली. बाबाजीले घेऊन या, जेवाले."

मी फोन ठेवून बाबांना सांगितलं. त्यांनी काढून ठेवलेली लांब वायर परत गुंडाळली. मग म्हणाले, "जाऊ ना. त्याईनं केवढी वाट पाह्यली आहे."

त्या रविवारी गेलो. डांबरी रस्त्यापासून टोल्यापर्यंत नव्या सिमेंटच्या खांबांची रांग उभी होती. आमचं शेत तसंच होतं, फक्त एका कोपऱ्यात पंपासाठी मीटरची पेटी. बाबांनी मशीन खटक्यावर टाकलं, बांधावर उभे राहिले आणि लगेच परत माइकवर आणलं. मला मान हलवून सांगितलं.

बाईंच्या ते लक्षात आलं. "आता तुमचं नाई होनार ना इथं?"

"नाही होणार," मी म्हटलं. "पण त्याचं काही नाही. तुमच्याकडे पाणी येईल."

"आलं ना," ती म्हणाली, आणि आम्हाला पंपाकडे घेऊन गेली. नवऱ्याने बटण दाबलं. पाइपातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं आणि पाटाने वाहू लागलं. यंदा पहिल्यांदाच त्या शेतात उन्हाळी पीक घेणार होते. बाईंनी वांगी आणि मिरच्या कुठे लावायच्या ते चालून दाखवलं. बाबा तिच्या मागे मागे प्रत्येक जागी गेले.

जेवताना त्यांनी मला विचारलं, "आपली घरघर बी वर जाते काय? तुझ्या पट्ट्यांपर्यंत?"

"थोडी जाते. मोठ्या लाइनींची उपग्रहांना ऐकू आलेली आहे. तिनं तिथल्या इलेक्ट्रॉनांना काही होतं का, यावर अजून वाद आहे. पाणबुड्यांसाठी जे मोठे रेडिओ चालवतात, त्यांच्यामुळे मात्र होतं. काही इलेक्ट्रॉन खाली पडतात."

"म्हंजे मानसाचा बी हात पोचला तिथवर."

"पोचला."

बाईंनी विचारलं, आम्ही काय बोलतोय. बाबांनीच तिला सांगितलं, त्यांच्या पद्धतीने. तिने पुन्हा एकदा आभाळाकडे पाहिलं, आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

निघताना मला वाईट वाटत होतं, आणि त्या पाटाच्या पाण्यासमोर ते वाटणं बरोबर नव्हतं हेही कळत होतं. दोन्ही एकदम होतं. नवी जागा शोधायची तर छत्तीसगडच्या हद्दीकडे, आणखी आत जावं लागेल, आणि तिथंही आज ना उद्या खांब पोचतील, पोचायलाच हवेत. विद्यार्थ्यांना मी आता त्या हिवाळ्यातली आमची रेकॉर्डिंग ऐकवते. ती एक वाकलेली रेघ दाखवते.

परतीच्या वाटेवर बाबांनी खिडकीतून वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाकीच्या ग्रहांले बी असते काय पट्टे?"

"ज्यांना चुंबक आहे त्यांना असतात. गुरूचे तर आपल्यापेक्षा कितीतरी जोरदार. तिथं पाठवलेल्या यानाची सर्किटं जाड धातूच्या पेटीत बंद करून पाठवावी लागतात."

"आन् शनीले?"

"त्यालाही आहेत. पण त्याची ती कडी मधे येतात, कण त्यांच्यावर आपटून संपतात. म्हणून कमी."

"शुक्राले?"

"शुक्राला चुंबकच नाही."

"काऊन नाई?"

नेमकं कोणालाच माहीत नाही, असं मी म्हटलं. त्यांना ते उत्तर पसंत पडलं नाही. एवढी शिकली आणि हे माहीत नाही, असं काहीसं ते पुटपुटले. आमगावला चहासाठी गाडी थांबवली. टपरीवाल्याने हिंदीत विचारलं, समोसा गरम आहे, देऊ का, आणि मी काही बोलायच्या आत बाबांनी त्याला दोन सांगितले, आणि आणखी एक घरी आईसाठी बांधून.